पाणी फाटतं तिथं

दस्तगीर मिस्त्रींनी फियाटचं दार
दोन लाकडी घोड्यांवर आडवं टाकलं, म्हणाले,
रंग कोणबी मारतंय.
तू आधी ह्येचं जुनं काढ.

जुनं म्हणजे रबराखालचं सोल्यूशन,
चाळीस उन्हाळे खाल्लेलं,
गुऱ्हाळातल्या काहिलीला धरलेल्या काकवीसारखं
कडेनं काळं कुरकुरीत,
मधे अजून चिवट, अजून कशाला तरी धरून.

उद्यमनगरात सकाळी भट्ट्या पेटायच्या आधी
मी दुकान झाडतो आणि ह्याला भिडतो.

घरी आमच्या उलटं चालतं.
सुभाषनगरात बाबा चपला करतात,
वादीनं शिवतात, टाका ओढताना श्वास धरतात.
चिकटवलेलं उचकटतं, शिवलेलं झिजतं,
असं ते गिऱ्हाइकाला समजावतात.
गिऱ्हाईक ऐकून घेतं आणि चारशेला मागतं.
मी गॅरेजात लागलो त्या दिवशी
त्यांनी स्वतःची जुनी रापी दिली, धार लावून.

ती इथं चालत नाही, हे त्यांना अजून सांगितलेलं नाही.
लोखंडाचा ओरखडा पत्र्यात बसतो
आणि वर्षभरानं रंगातून वर येतो.
म्हणून फुटक्या बादलीचा तुकडा फरशीवर घासून
मी पाचर केली. निळी आहे.
रापी खिशात असते.

गरम हवा मारायची, पण हाताला सोसेल इतकीच,
जास्त झाली की पत्रा पापडासारखा उठतो.
चिंधी भिजवायची, वर प्लास्टिक झाकायचं,
आणि मग काही करायचं नाही.
हे काही न करणं मला दोन महिने जमलं नाही.
थिनरला घाई असती, म्हणायचे मिस्त्री, उडून जातंय,
रॉकेल थांबतंय. तू रॉकेल हो.
जा, च्या पिऊन ये.

गाडी गडहिंग्लजच्या डॉक्टर नेजकरांची.
दर शनिवारी त्यांचा फोन : रंग कुठवर आला?
मिस्त्री म्हणतात, अजून पुसतोय साहेब.

पाचव्या दिवशी दाराच्या तळाला,
दोन पत्रे जुळतात त्या सांध्यावरच्या सीलंटमध्ये
एक अंगठा सापडला.
ओलं असताना दाबलेला, सगळ्या रेषांसकट,
आणि मधून आडवी चीर,
जिथं रेषा तुटून जरा सरकून पुन्हा लागल्या होत्या.

मिस्त्रींनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला.
बराच वेळ वाकून होते.
आप्पालाल उस्तादांचा, म्हणाले.
ग्राइंडरनं गेलेला. ह्याच अंगठ्यानं
माझा कान पिळायचे.

मला वाटलं, म्हणतील, तेवढं राहू दे.
काढ, म्हणाले. खाली पाणी साचलंय त्याच्या.

साचलं होतं. खपलीसारखी पट्टी अख्खी निघाली,
खाली नाचणीच्या रंगाचा गंज,
खिळ्यानं टोचला तर खिळा पार गेला
आणि भोकातून खालची फरशी दिसली.

ती पट्टी मी जपून ठेवली असं लिहिणार होतो.
ठेवली नाही.
चिंध्यांच्या डब्यात पडली, रात्रभर भिजली,
सकाळी तिचा नुसता गोळा झाला होता.

मग ठिगळ जोडलं, घासलं, पुसलं,
उलट्या चिंधीनं पुन्हा पुसलं.
बोटं घरीही वास सोडत नव्हती,
आई म्हणाली, भाकरीला हात लावू नकोस.

आठव्या दिवशी दार भिंतीला उभं केलं.
मिस्त्रींनी तांब्याभर पाणी वरून सोडलं.
पत्रा निका असला की पाणी चादरीसारखं उतरतं,
चिकट राहिलं असलं की तिथंच फाटतं,
आणि तिथंच उद्या रंगात माशाचा डोळा पडतो.

चादर उतरली, काचेच्या खाचेवरून,
हँडलच्या भोकावरून,
खाली, ठिगळाच्या जरा वर आली
आणि फाटली.
अंगठ्याएवढी जागा कोरडी राहिली.

मिस्त्री काही बोलले नाहीत.
बाहेर शनिवारचा फोन वाजत होता.
मी नवी चिंधी फाडली,
रॉकेलचा डबा जवळ ओढला,
ह्या खेपेला मला च्या प्यायला जा
असं कोणी सांगावं लागलं नाही.