थंड तारे

सेकंड शिफ्ट सुटायला अर्धा तास होता
आणि सगळ्या शिरोलीची लाइट गेली.
शेवटची हीट नुकतीच ओतून झालेली,
म्हणून कुणी धावलं नाही, कुणी शिवी दिली नाही.
माझ्या तळहातावर त्या हीटचं बटण,
रुपयाएवढं, अजून कोमट,
आणि ते वाचणारं मशीन आंधळं.

बाबगोंडा खोत म्हणाले, चल गं लॅबवाले, वर जाऊ,
हितं काय अंडी घालायची?
लोखंडी जिना. पाण्याच्या टाकीला टेकून उभे राहिलो.
जानेवारी. नाकात जळक्या वाळूचा वास,
त्यात मधूनच कुठल्या तरी गुऱ्हाळाचा.
चार वर्षं मी या छपराखाली येते,
छपराच्या वर काय आहे ते विचारलंच नव्हतं.

"पुण्याच्या रस्त्याकडं तोंड कर. हात लांब.
करंगळी जमिनीला टेकव, अंगठा ताण.
वीतभर वर. घावला?"
घावला. ध्रुव, फिकट, हायवेच्या धुरळ्यात.
"उत्तरंला जाशील तसा चढत जातोय म्हणं.
आपल्यात दारातच उभा."

त्याच्या उजवीकडं सप्तर्षी. यांच्या नांदणीत ती बाज,
म्हातारीची, आत्ता भिंतीला लावल्यासारखी उभी,
आणि खालून ती ओढणारे तीन चोर.
तिसरा वडगावच्या अंगाला नुकतं डोकं काढत होता.
"रातभर वढत्यात. म्हातारी झोपंना, बाज जाईना."

मग ते रंगांवर आले.
शर्टाच्या खिशातून निळी काच काढली,
कुपोलाच्या काळापासूनची, एक कोपरा उडालेला,
एक डोळा मिटून मृगाच्या खांद्याला लावली.
"लाल हाय. थंड माल.
असला वतला तर साच्याचं कोपरं भरायचं न्हाईत."
ब्रह्महृदय: "पिवळं. ह्ये चालंल."
व्याधाला नुसतंच च्यक् केलं.
"लई तापीवलाय. अस्तर खाईल."

मी म्हटलं, काका, तुमचा तो थंडवाला
साडेतीन हजार डिग्री आहे.
आपण ओततो साडेचौदाशेला.
बराच वेळ काही बोलले नाहीत.
खाली कुणीतरी डब्याचं झाकण पाडलं.
"म्हंजी आपण लायनीतच न्हाई," म्हणाले,
आणि असे हसले की टाकीचा पत्रा वाजला.

मी सांगत राहिले, अंधारात माणूस जास्तच बोलतो:
तिथलाही उजेड असाच फोडतात, रेघा मोजतात,
कार्बन किती, मँगनीज किती,
फक्त बटण पाडायला कुणी जात नाही.
"मग मशीन बरूबर सांगतंय कशावरनं?"
याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.
मोठ्या ताऱ्याच्या पोटात लोखंड झालं, मी म्हटलं,
की त्याचं जळण संपतं. पुढं काही पेटत नाही.
"आन् आपलं तिथनं सुरू हुतंय," ते म्हणाले.

तेव्हा माझं लक्ष गेलं.
निळ्या काचेतून तारा दिसतच नाही,
मी नंतर लावून पाहिली, नुसता काळोख.
आणि ब्रह्महृदय म्हणताना
त्यांची मान रिकाम्या जागेकडं होती.
काका, खरं सांगा, किती दिसतात?
"एक. व्याध. त्योबी दोन दिसतोय."
ऑपरेशनची तारीख दोनदा पुढं ढकललेली.
बाकीचं सगळं बापाच्या तोंडचं होतं,
उसाला रात्रीचं पाणी पाजताना शिकलेलं,
बारं बदलेपर्यंत.

"तिसरा चोर आला का गं वर?"
मी बघितलं. वडगावावर दिव्यांची रांग पेटत आमच्याकडं येत होती,
खांबामागून खांब,
आणि चोर कुठला आणि दिवा कुठला, कळेना.
आला, म्हटलं.

खाली पंखे फिरायला लागले होते.
मशीन जागं व्हायला वीस मिनिटं घेतं.
बटण माझ्या मुठीत थंड झालं होतं, पार.