तिसरा हिस्सा

कोन्याच्या पठारावर, जिहानबेलीच्या अलीकडे,
शेहरिबानने मूठभर मातीवर व्हिनेगर ओतलं.
माती फसफसली.
"चुना," ती म्हणाली. "हिच्या पोटात सगळं आहे,
देत मात्र नाही."

चण्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या;
नकाशात नद्या काढून
कुणी गावं लिहायची विसरलं.
लोह आहे, स्फुरद आहे,
चुन्याच्या कुलपात.
पोत्यातलं खत टाकलं, तेही आत गेलं
नि बाहेरून कडी लागली.

मग भांडण मेंढ्यांच्या लेंड्यांवरून.
खुरांनी तुडवून घट्ट झालेला थर
सासरा दुर्सून कुदळीने कापतो,
विटा रचतो भिंतीशी, रोज मोजतो.
"हिवाळाभर चूल कशावर पेटवू? तुझ्या चण्यावर?"
तिने निम्म्या मागितल्या.
त्याने तिसरा हिस्सा दिला, तोही फुटक्यातला,
आणि त्या जानेवारीत अख्खं घर
एका खोलीत झोपलं, कोट घालून.

पहिल्या वर्षी काही नाही.
इथे शेणालाही कुजायला पाणी लागतं;
ते ढेकळांत पडून राहिलं, रुसल्यासारखं.
दुसऱ्या वर्षी नांगर जरा हलका गेला म्हणे.
म्हणे.

तिसऱ्या वर्षी, मे महिन्यात,
दुर्सून शेतावरून एकटाच आला. बोलला नाही.
चुलीपाशी बसून
हातातली वीट उलटसुलट केली,
परत ढिगावर ठेवली.
मग खिशातून चण्याचा एक शेंडा काढून
सुनेच्या ताटाशेजारी.

पुरता हिरवा नव्हता.
देठाकडून सुरुवात होती.