खाच

नरसुबाई चिलवेरींचा वरचा पुढचा दात
माझ्या स्क्रीनवर उभा आहे,
एक लाख चाळीस हजार तुकड्यांच्या जाळीत.
अशोक चौकातली लाईट गेली की तोही जातो.

कडेला खाच. बेचाळीस वर्षं
कांडी भरताना सूत दातानंच तोडलं.
"कातर कुठं घावती वेळंला?"
तोंडात माझा आरसा असतानाच म्हणाल्या.

शंभर न्यूटन, तिरका भार.
म्हणजे कडक भाकरीचा एक तुकडा, असं मी धरते;
शेंगाचटणी हिशोबात नाही.
खाचेच्या तळाशी लाल उजळतं,
मुळाकडं पिवळं, हिरवं, मग निळं गप्प.

दात आणि हाडामधला पडदा,
पाव मिलिमीटर जेमतेम,
त्याला मी रबर मानलं होतं.
चालतं, सर म्हणाले, सगळे तसंच मानतात.
पण ते धागे आहेत,
हाडातून निघून मुळात रुतलेले, तिरपे,
ताणलं की धरणारे, दाबलं की ढिले.
पुस्तकात होतंच हे.
नरसुबाईंनी खुर्चीवरच्या टॉवेलाचं टोक ओढलं:
ताणा असा धरतो, बघ.
तिरकं ओढलं की कसा जातो.

आता रात्री अकराला
एकेका धाग्याला दिशा देत बसलेय.
हाडाचा खालचा काठ मात्र
अजिबात न हलणारा धरावा लागतो,
नाहीतर गणित सुटतच नाही.

त्यांचा कारखाना मार्चात बंद पडला.
उद्या येतायत, खाच भरायला.
भरल्यावर सूत तुटेल ना, एवढंच विचारलंय.