तीन इंच, दोन सूत

मकई गेटाच्या अलीकडं माझं दुकान,
दोन मशिनी, त्यातली एक चालते.
विद्यापीठातली पोरं येतात पँटी आखूड करायला.

त्या दिवशी दोघं आले, एकाच ताग्याचं कापड घेऊन.
एकाच्या बहिणीचं लग्न, शर्ट दोघांना.
मी हमीसीच्या खांद्याला टेप लावत विचारलं,
तुम्ही एकाच गावचे काय रे?
तर क्वाबेना इतका हसला
की त्याच्या छातीचं माप दोनदा घ्यावं लागलं.

एक अक्राचा, एक दार-ए-सलामचा.
इकडं समुद्र, तिकडं समुद्र, मधी अख्खी आफ्रिका.
साडेचार हजार किलोमीटर, हमीसी म्हणाला,
सरळ उडालं तर सहा तास.
सरळ कोण उडतं, क्वाबेना म्हणाला,
मधी उतरा, बाकड्यावर रात्र काढा, दुसरं विमान धरा.
म्हटलं, कळलं.
सेलूहून माहूरला जाताना नांदेडला उतरतात, तसं.

यशपालचा पृथ्वीगोल कपाटावर होता,
स्टँड मोडलेला, म्हणून मांडीवर घेतला.
टेपला गोल गोष्टींची सवय असते.
अक्रा ते दार :
कॉलरीएवढं, तीन इंचाला जरा कमी.
मग हमीसीनं दारवरचं टोक तसंच दाबून धरलं
आणि दुसरं माझ्या हातात दिलं.
आपलं गाव गोळ्यावर नव्हतंच.
मुंबईच्या उजव्या अंगाला मी खडूचा ठिपका दिला.
दार ते ठिपका :
तीन इंच, वर थोडं.
फरक दोन सुतांचा.
एवढं तर शिवणीत जातं.

दोघं जरा वेळ गप्पच.
आमच्या गल्लीत दूधवालासुद्धा
याला सांगायचा, तुझा भाऊ आत्ताच गेला बघ.
आणि हमीसीच्या आईला
त्या भावाचं घर जितकं लांब
जवळपास तितकंच लांब माझं दुकान.
मग तुम्ही पण या लग्नाला, मावशी,
तो म्हणाला. थट्टेत नाही.

ते गेल्यावर गोळा परत कपाटावर ठेवणार होते.
किनवटला अनसा असते, माझ्या पाठची.
एसटीनं अकरा तास, नांदेडला गाडी बदलून.
चार वर्षं झाली.
तिच्या नवऱ्याला दवाखान्यात ठेवलं होतं
तेव्हा माझ्याकडं शाळेचे दोनशे युनिफॉर्म होते.
तेव्हा ते खरंच होते. नंतरची कारणं आठवत नाहीत.

मी टेप लावला.
ठिपक्यापासून किनवट
दोन सूतसुद्धा भरेना.
बोट ठेवलं तर दोघी त्याच्याखाली झाकल्या.

शर्ट शनिवारी द्यायचेत.
कापड बेतून बघितलं,
बाह्यांच्या मधल्या तुकड्यात एक ब्लाउज निघतो.
पोरांना विचारीन, नाही म्हणायचे नाहीत.
अनसाचं माप वहीत आहे,
चार वर्षांपूर्वीचं.