साडेनऊ आटे

पहाटे साडेतीनला खाजामियाँ घंटी वाजवत नाहीत,
नुसते खोकतात,
आणि मी अंधारात चप्पल शोधत बाहेर येतो.
"चल जाफराबाद," म्हणतात.
माझं नाव त्यांनी अजून विचारलेलं नाही.
सायकलच्या दांडीला आडवी बांधलेली व्हॉल्व्हची चावी,
माझ्या छातीपर्यंत येणारी.

आज चेलीपुऱ्याचा दिवस.
पाणी आठव्या दिवशी, त्यामुळे गल्ली निजलेलीच नाही.
ओट्यांवर निळे ड्रम, रंगाच्या रिकाम्या बादल्या,
एक लहान मुलाचा टब, त्यावर बदक,
आणि एक मुलगी मोबाइलच्या उजेडात
नागरिकशास्त्र पाठ करतेय,
एक पाय नळाच्या तोटीवर ठेवून.

मी औरंगाबादेत आलो तेव्हा
दरवाजे मोजायचे ठरवले होते. बावन्न म्हणतात.
अकराव्यापाशी चुकलो.
"दरवाजे वर बघणाऱ्याला," खाजामियाँ म्हणाले,
"तू खाली बघ.
इथं झाकण. इथं झाकण होतं, चोरीला गेलं, म्हणून ही शहाबादी फरशी.
ही लाइन सहा इंची.
ही बिडाची, निजामाच्या टायमाची,
आवाज करू नको, झोपलेली असते.
आणि ही कोणाचीच नाही, रातोरात जोडलेली.
तोडायला दोनदा आलो होतो.
आत बाळंतीण होती."
"दोन्ही वेळा?"
"हौ. दोन्ही वेळा."

बेकरीत तंदूर पेटलाय.
नानवाला पीठ भिंतीवर मारल्यासारखं आत मारतो
आणि आमच्याकडे न बघता दोन नान कागदात गुंडाळतो.
झुंबरलाल कासलीवालांच्या दुकानाच्या पायरीवर
आम्ही बसून खातो;
बंद शटरमधूनही सुपारीचा वास येतो,
वर देवळाची, पलीकडे मशिदीची, दोन्हींची दिव्यांची माळ
एकाच खांबावरून वीज घेते.
खाजामियाँ त्याबद्दल काही म्हणत नाहीत.
वीज त्यांचं खातं नव्हे.

मग खड्ड्यात चावी उतरवतात.
"कान लाव."
लावला. आधी गार लोखंड, बाकी काही नाही.
मग लांब कुठंतरी जात्यात ज्वारी ओरल्यासारखं.
"ती हवा. पहिली तीच येते.
मीटर तिच्यावरही फिरतं."
मग पाणी आलं. मला कळलं, कारण
सगळ्या गल्लीतले ड्रम एकदम बोलायला लागले.
पण त्याच्याही खाली एक बारीक ओलं सरकणं होतं.
"हे कुठलं?"
"ते आपलं नाही," म्हणाले. "नहरीचं असेल.
नाहीतर तुझ्या कानातलं."

राजाबाजारच्या चढाला चौदा आटे.
मदरशाच्या बोळाला सात, तिथं पाइप नाजूक.
आणि या गल्लीला साडेनऊ.
इथला पाइप अकरा सहज सोसेल, हे मलाही कळत होतं.
"अकरा दिले," त्यांनी बोट लांबवलं,
"तर त्या टोकाला शेवंताबाई खिल्लारेंकडं
नळ नुसता श्वास घेतो."

तेवढ्यात हिरव्या दारातून बाईचा आवाज:
"इतनीसी धार? कौन है वो मुर्दा वालमन!"
खाजामियाँ चावीवर एकदम वाकले,
आटे अडकलेत असं दाखवत.
खूप वेळ वाकलेलेच.
मी दाराकडं पाहिलं. मग त्यांच्या सायकलकडं.
सायकल नेहमीच्या सवयीनं
त्याच दाराशी टेकली होती.
"एकतीस वर्षं," ते खड्ड्यातूनच कुजबुजले.
"बीबीला सांगितलंय, माझी ड्यूटी सिडकोत असते."

ते गुरुवारी रिटायर झाले.
शाल, नारळ, आणि कुणीतरी चुकीच्या नावाचं
छापून आणलेलं मानपत्र.

आज मी एकटा.
दांडीला चावी बांधली, वाटलं त्याहून जड.
निळे ड्रम होते, बदक होतं,
मुलगी आता भूगोलावर आलेली.
नऊ आटे दिले. मग अर्धा.
आणि हात थांबला नाही, आणखी अर्धा गेला,
निरोपाचा, म्हटलं, एवढा तर चालेल.

हिरव्या दाराच्या वरच्या खिडकीत
कुणीतरी खोकलं.

मी अर्धा आटा मागं घेतला.

"या अल्ला," दारातून आवाज आला,
"नया भी वैसाच मुर्दा!"