शीतपेटी

हाउजीच्या चार रविवारांतून,
जत्रेतल्या खाजांच्या स्टॉलातून
आणि कायतानने दुकानोदुकानी फाडलेल्या पावत्यांतून
कुडचड्याच्या आमच्या क्लबने घेतली
प्रेतासाठी शीतपेटी.

उद्घाटनाला रिबन आणली होती.
कापायची कुणी?
अध्यक्ष हळूच म्हणाले, टाळ्या नकोत.
चहा-भजी मात्र झाली.

वहीत रकाने: नाव, गाव, अनामत,
आणि शेवटी, कुणाची वाट.
मस्कतचा मुलगा. लंडनची लेक.
जहाजावरचा एक, जो पोचलाच नाही.

सातवी नोंद कायतानच्याच अक्षरात:
आई. सावर्डे. अनामत भरली.
कुणाची वाट, तिथे
नुसती रेघ.
एकुलता तो, आणि इथेच होता.
तरी दोन दिवस ठेवली त्याने पेटी.

आम्ही विचारलं नाही.
तिसऱ्या दिवशी पुसून परत आणली,
पावतीबुकासकट.