बेगिमायला वाटा सांगताना

पहिल्या आठवड्यात फार लांब जाऊ नकोस.
दुकानापासून धक्क्यापर्यंत, आणि मागे.
धक्का चुकायचा नाही, तो आता वाळूत उभा आहे.
पाणी त्याला सोडून ऐंशी पावलं पुढे गेलं.
तुझ्या वयाची असताना मी त्याच्या शेवटच्या फळीवरून
सूर मारायचे गळाभर पाण्यात.
आता मारलास तर मान मोडेल.

दुसरी वाट जर्दाळूच्या बागांमागून.
जुलैत तिथं तोंड मिटून पळ :
माश्या, धूळ, आणि कुंपणाआडून जाझगुल म्हातारी,
"कुणाची गं तू? कोण लागलंय मागे?"
कुणी नाही म्हण. पाय थांबवू नकोस.
ती ओंजळभर फळं देईलच, तेवढ्यापुरती थांब.
बिया खिशात राहू देत,
घरी दगडानं फोड,
एखादी कडू निघते, थुंकून टाक.

तिसरी, लाल मातीच्या घळीतून.
पाऊस पडून गेला असेल तर अजिबात नको,
माती बुटाला अशी धरते की
परतताना चार पाय घेऊन आल्यासारखं वाटतं.
पण कोरड्या सकाळी, घळीच्या तोंडाशी आलीस
की एकदम सगळा तलाव.
पलीकडे कुंगेय, उन्हाकडे तोंड केलेला,
आणि पाठीशी आपला तेरस्केय,
उन्हाशी अबोला धरलेला डोंगर.
दोघांच्या मध्ये इतकं निळं
की शाळेतली पोरं रंगवताना खडू संपवतात.
तिथं श्वास मोजायचा असतो. मी कधी मोजला नाही.

दुपारच्या आत घरी ये.
उलान सुटला की पश्चिमेच्या खिंडीतून
वारा नाही, भिंत येते.
तोक्तोसुन त्या भिंतीत डोकं घालून पळायचा.

माझा भाऊ. तू पाहिलेला नाहीस त्याला.
आधीची दोन मुलं गेली म्हणून आईनं नाव ठेवलं तोक्तोसुन,
म्हणजे थांब, राहा.
आणि गावात त्याच्याइतकं जोरात कुणी पळालं नाही.
एकोणिसाव्या वर्षी म्हणाला, अख्ख्या तलावाला फेरी घालतो.
चारशे किलोमीटर आणि वर काही.
बाबा हसले, आईनं पाव बांधून दिला.
तिसऱ्या दिवशी बालिक्चीत पोचला, स्टेशन दिसलं,
गाडी उभी होती.
फेरीचा उरलेला भाग तो अजून
रशियात विटा रचत पुरा करतोय.

चौथी वाट चढाची आहे.
लोकांना वाटायचं, सलतानत नर्स टेकडीवर तब्येतीसाठी जाते.
छे! तेव्हा गावात रेंज नव्हती.
वरच्या एकट्या खांबाखाली दोन रेघा यायच्या,
रविवारी सातला तो फोन करायचा.
ड्यूटी साडेसहाला सुटायची, म्हणून पळत जायचे.
इतकंच. पळण्याची आवड वगैरे पुढे लागली,
सवयीला नंतर नाव मिळतं तशी.

जानेवारीत तो दरवर्षी विचारायचा,
"गोठला का गं तलाव?"
त्याला माहीत होतं हा कधीच गोठत नाही.
मी दरवर्षी खाली बघून
पुन्हा खात्री करून सांगायचे,
नाही, वाफ निघतेय.

आता घरातच रेंज येते. तो महिन्यातून एकदा बोलतो,
नातवंडं मध्येच फोन ओढतात.
माझा गुडघा चढ मानत नाही.

हे बूट घे. एक नंबर मोठे आहेत,
पुढे वर्तमानपत्र कोंब.
खांबापाशी पांढरं कुत्रं असतं, भुंकतं,
नुसतं वाकून दगड उचलल्यासारखं कर,
हातात दगड नसला तरी चालतो.
आणि वर गेलीस की
पाणी कुठवर आलंय ते बघून ये.